'काका' नावाचा थरारपट

(दृश्य : अंधारा जिना, गजांचं दार, दारामागे दिव्याचा मंद उजेड)

इंग्रजीत या चित्रपटाचं नाव आहे 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'. मूळ कोरियन नाव मात्र एका शब्दाचं : 'अजॉशी'. म्हणजे काका. शेजारच्या, नात्यातल्या नसलेल्या माणसाला पोरं मारतात ती हाक. माझ्या मते अख्खा चित्रपट या एका हाकेत आहे.

चा टे-शिक गहाणवटीचं दुकान चालवतो. कुणाशी बोलणं नाही, येणंजाणं नाही. त्याच्या दाराशी रेंगाळणारी एकच व्यक्ती, शेजारची छोटी सो-मी. तिची आई व्यसनात बुडालेली. एक दिवस आई गुंडांचा माल चोरते, कॅमेऱ्याच्या बॅगेत लपवते आणि ती बॅग याच दुकानात गहाण टाकते. पुढे मायलेकींना उचलून नेतात. गुंडांना वाटतं, दुकानदार तर आहे, काय करणार?

पण त्याआधीचा एक प्रसंग नीट बघा. भर रस्त्यात सो-मीवर चोरीचा आळ येतो. पोलीस विचारतो, तुझे आईवडील कुठे? ती समोरून जाणाऱ्या टे-शिककडे बोट दाखवते. तो बघतो आणि पाठ फिरवून निघून जातो.

(थोडी शांतता)

नंतर सो-मी त्याला सांगते, की तरीही तिला त्याचा राग येत नाही. त्याच्यावरही रागावली, तर तिला आवडणारं माणूसच उरणार नाही. हे ऐकताना घशात आवंढा येतो. पुढची सगळी मारामारी या पाठ फिरवण्याचं प्रायश्चित्त आहे. म्हणूनच ती मनाला भिडते.

आणि मारामारी आहेही तशीच! एका ठिकाणी टे-शिक पळत येतो, खिडकीची काच फोडून खाली उडी घेतो आणि त्याच्या मागोमाग, त्याच शॉटमध्ये, कॅमेराही खिडकीबाहेर झेपावतो. बघणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो.

शेवटची चाकूची झुंज तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी. समोर थायलंडचा अभिनेता थानायोंग वोंगट्राकुल. तो बंदूक बाजूला ठेवतो आणि चाकू काढतो. दोघं इतक्या जवळ, की हात पुरता लांबवायलाही जागा नाही. मनगट, कोपर, बगल, वार सगळे छोटे आणि नेमके. आग्नेय आशियातल्या काली, सिलात या युद्धकलांची ही शैली. मध्येच कॅमेरा टे-शिकचे डोळे होतो आणि पातं थेट आपल्यावर येतं.

लेखक-दिग्दर्शक ली जोंग-बॉम. ऑगस्ट 2010 मध्ये चित्रपट लागला आणि 60 लाखांहून जास्त तिकिटं विकून त्या वर्षीचा कोरियातला सर्वाधिक चाललेला कोरियन चित्रपट ठरला. नायक वॉन बिन. त्यानंतर त्याने एकही चित्रपट केलेला नाही. सो-मी झालेली किम से-रॉन तेव्हा अवघी 10 वर्षांची होती. 2025 च्या फेब्रुवारीत ती गेली, चोविसाव्या वर्षी. आता तिची ती हाक ऐकवत नाही.

आपल्याकडचा धागाही सांगायलाच हवा. 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामत यांनी 2016 मध्ये याचा हिंदी अवतार केला, 'रॉकी हँडसम'. कथा गोव्यात आणली, नायक जॉन अब्राहम आणि खलनायक खुद्द कामत. त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली : इथेही चित्रपटाच्या नावात आहे ती मुलीने नायकाला मारलेली हाक, 'हँडसम'. तरीही आधी मूळ चित्रपटच बघा.

रक्तपात भरपूर आहे, अवयवांची तस्करी आहे, तेव्हा घरातली लहान मुलं झोपल्यावरच लावा. डब केलेला नको, सबटायटल्स लावून कोरियनमध्येच बघा. भाषा येत नसली तरी एक शब्द पहिल्या पाच मिनिटांत कानात बसेल.

(पडदा काळा. फक्त मुलीचा आवाज : "अजॉशी...")