सुटका झाली, दाखला कुठाय?

पत्रिकेवर माझा विषय ‘तस्करीतून सुटून आलेल्यांना गावाचा आधार’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधार कुणाला द्यायचा, तर सुटून आलेल्याला. आणि तो सुटून आला हे सरकारदरबारी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. तो कागद म्हणजे मुक्तता दाखला. आपलं घोडं तिथेच अडतं. आज इथे बचतगटाच्या ताई आहेत, शिक्षक आहेत, दोन-तीन ग्रामसेवकही दिसतात. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेत, म्हणजे ग्रामसेवकच असणार.

वीटभट्टीवरून, उसाच्या फडातून, कोळसाभट्टीवरून माणसं सोडवतात तेव्हा होतं काय? तहसीलदार मालकाला दम भरतात. मालक थोडी मजुरी हातावर ठेवतो. टेम्पो येतो, टेम्पोसमोर फोटो निघतो. फोटोत मजूर मागे आणि आपण पुढे. टेम्पो पाड्यावर रिकामा झाला की बातमी छापून येते आणि काम संपतं. ऐन पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मजुरांच्या टोळ्या नेणारा तोच मुकादम नवी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात उभा राहतो. जुन्या उचलीचा हिशेब त्याच्या वहीत तसाच असतो. का? कारण ती उचल कायद्याने संपली, असं सांगणारा कागद कुणी बनवलेलाच नसतो.

हे आजचं नाही. १९८२ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतून सुमारे १३५ वेठबिगार, म्हणजे उचलीपोटी बांधून राबवलेले मजूर, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटले आणि बिलासपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले. पुनर्वसनाचं आश्वासन होतं. सहा महिन्यांनी नीरजा चौधरी या पत्रकार त्या गावांत गेल्या, तर पुनर्वसन शून्य आणि माणसं उपाशी. त्यांनी न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १९८४ च्या निकालाचं सार असं की नुसतं शोधून सोडवायचं आणि पुनर्वसन करायचं नाही, तर माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात जातो. त्याच्याच थोडं आधी, ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ या वेठबिगारांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या खटल्यात हरियाणा सरकारने काय म्हणावं? हे मजूर सक्तीने राबत असतीलही, पण त्यांनी आगाऊ रक्कम घेतल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून ते वेठबिगार नव्हेत! न्यायालयाने हे झिडकारलं. सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं. तसं नसेल तर मालकाने दाखवावं. वेठबिगारी कायद्याचं कलम १५ सुद्धा पुराव्याचा भार मालकावरच टाकतं. तरीही आपल्याकडे आजही पहिला प्रश्न येतो, “उचल घेतल्याची पावती आहे का?” उचलीची पावती! मुकादम जणू बँकेचा शाखाधिकारी.

आता ज्या कागदासाठी मी आलोय तो. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६. याखाली जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेला दंडाधिकारी मुक्तता दाखला देतो. कसोट्या चार आहेत: मजुरी नाही किंवा नाममात्र, दुसरीकडे काम करायची मुभा नाही, हवं तिथे जायची मुभा नाही, आपली मेहनत वा माल बाजारभावाने विकता येत नाही. उचलीपोटी या चारांपैकी एकही गोष्ट घडली तरी पुरे. साखळदंड लागत नाहीत, कुलूप लागत नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच, हे एशियाड स्पर्धेच्या बांधकामांवरच्या कामगारांबद्दलच्या १९८२ च्या निकालाने सांगून ठेवलंय.

हे सगळं बिघडतं ते जबाबाच्या वेळी. जबाब भट्टीवरच घेतला जातो, मालक खुर्चीत बसलेला असतो आणि चहाही त्यानेच मागवलेला असतो. साहेब विचारतात, “मारलं का? कोंडलं का?” मजूर म्हणतो, नाही. “स्वखुशीने आलात ना?” हो. संपलं! जबाबात ‘स्वखुशीने’ हा शब्द पडला की प्रकरण मजुरीच्या वादात जमा. म्हणून जबाब भट्टीपासून दूर, एकेकट्याचा, त्याच्या बोलीत घ्यायला लावा. बाईचा जबाब नवऱ्याच्या जबाबात उरकू देऊ नका. प्रश्न वेगळे हवेत. उचल किती, कधी, कुणाच्या हातून? हजार विटांचा भाव काय ठरला होता? आठवड्याची खर्ची किती मिळते? हिशेब कोण लिहितं, तुम्हाला दाखवतात का? मध्येच घरी मयत झाली तर सगळे जाऊ शकता, की एकाला मागे ठेवावं लागतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

आणखी तीन चुका वारंवार होतात. मालकाची वही जप्त होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही. दाखला कुटुंबाला एक, तोही नवऱ्याच्या नावाने निघतो. तो माणशी हवा, राबणाऱ्या मुलांचासुद्धा. तिसरी म्हणजे “आधी गावी जा, दाखला मागून येईल.” मागून काहीही येत नाही. दाखला एका जिल्ह्यातून निघणार आणि माणूस राहणार दुसऱ्या जिल्ह्यात. दोन कचेऱ्यांमध्ये हेलपाटे कोण घालणार? दाखला हातात पडल्याशिवाय टेम्पो सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टेम्पोवाल्याचं वेटिंग आपण देऊ.

दाखल्याने काय मिळतं? पहिलं, कर्ज संपतं, कायद्यानेच. त्यानंतर कुणी त्या कर्जापोटी पैसे घेतले तर कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. दुसरं, केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत. पुढे पुरुषाला १ लाख, बाईला किंवा मुलाला २ लाख, आणि तस्करी वा लैंगिक शोषणासारख्या प्रकारांत ३ लाख. मात्र मोठी रक्कम शेवटी खटल्यात वेठबिगारी सिद्ध होण्यावर अडकते, म्हणून जबाबाचं एवढं पुराण मी लावलं. आणि कायद्यातला दंड ऐकून हसू नका: कमाल २,००० रुपये. १९७६ चा आकडा आहे, आजही तोच.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, ‘१० मिनिटे’. शून्य जरा पुसट आहे, पण मी दहाच वाचतो. तर, पत्रिकेवरचा विषय.

गावाने एक वही ठेवावी. मुकादमाची वही असते, मग आपली का नको? टोळी निघण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत लिहून घ्या: घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय, मुकादमाचं व मालकाचं नाव, दोघांचे फोन, ठिकाण, उचलीची रक्कम, ठरलेला भाव, गाडीचा क्रमांक. मूळ आधारकार्ड घरी ठेवायचं, सोबत झेरॉक्स. मुकादम मूळ कार्डं गोळा करतो, ती परत मिळत नाहीत. आठवड्यातून एका ठरलेल्या वारी फोन. फोनवर शेजारी मुकादम उभा असणार हे धरून एक साधा प्रश्न आधीच ठरवा, “आजीचा गुडघा कसा आहे?” ‘सुजलाय’ म्हणजे अडकलो. लागोपाठ दोन आठवडे फोन नाही, तर तिसऱ्याची वाट न पाहता अर्ज.

मुलं सापडली तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे. आधी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन.

वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. थोडक्यात तीन गोष्टी. सत्कार नको, फोटो नको. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अनैतिक व्यापार कायद्याच्या कलम १७ खाली तिला घरी पाठवायचं का याची चौकशी दंडाधिकारी करतात आणि मदतीला पाच प्रतिष्ठितांचं मंडळ बोलावू शकतात, त्यात शक्यतो तीन बायका. त्या पाचांत तुम्ही असा. घरची चौकशी करताना बाप कमावतो का एवढंच पाहू नका. तिला विकणारा त्याच घरात आहे का, ते पाहा. आणि तिला विचारा. ती सज्ञान असेल तर तिचं म्हणणं आधी.

बँक खातं दाखल्यावरच्या नावानेच उघडा. नावापुढचं ‘बाई’ एका कागदावर असून दुसऱ्यावर नसलं तरी पैसे परत जातात. बाईचं खातं स्वतंत्र ठेवा, मुलासोबत जोडखातं नको. वकील फुकट मिळतो: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार तस्करी आणि वेठीच्या पीडितांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. तारखांना दूरच्या कोर्टात जाणं परवडत नसेल, तर साक्ष दूरदृश्य प्रणालीने घ्या असा अर्ज वकिलाकरवी करा. नाहीतर साक्षीदार येत नाही म्हणून मालक सुटतो.

वेठबिगारी कायदा नीट राबवला जातो का हे पाहणाऱ्या दक्षता समितीबद्दल बोलायचं राहिलं. त्याच कायद्याच्या कलम १३ खाली जिल्ह्यात आणि उपविभागात ती असायलाच हवी, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन आणि समाजसेवक दोन सदस्य. तुमच्या उपविभागातली शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येकी दोन प्रती घ्या, एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. ग्रामसेवक दाराजवळच आहेत, ते वाटतील.