रात्रीच्या किमान तापमानावर पैसे लावण्याआधी

न्यूयॉर्कचं आजचं किमान तापमान किती राहील यावर अमेरिकेत लोक रोज पैसे लावतात. काल्शी नावाचं मार्केट आहे, २०२१ पासून सुरू, सीएफटीसी या सरकारी नियामकाची परवानगी असलेलं. सौदा साधा असतो, म्हणजे समजा ४० ते ४१ अंश फॅरनहाइट असा एक टप्पा, आकडा त्यात आला तर एक डॉलर, नाही आला तर शून्य, आणि भाव ३० सेंट चाललाय म्हणजे बाजाराला ती शक्यता साधारण ३० टक्के वाटतेय. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

पुढचं मात्र फार कमी लोक वाचतात आणि मला त्याचीच कळकळ आहे. निकाल मोबाइलच्या वेदर अ‍ॅपवर लागत नाही, नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या, रोजच्या क्लायमेट रिपोर्टवर लागतो, आणि तोही एका ठरलेल्या स्टेशनच्या. न्यूयॉर्क म्हणजे सेंट्रल पार्क, शिकागो म्हणजे मिडवे विमानतळ, तिथलाच दुसरा ओहेअर विमानतळ नव्हे.

आता घड्याळ बघा. किमान म्हटलं की आपण पहाट धरतो, पण या रिपोर्टचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असतो, त्यामुळे पहाटे ४१ नोंदलं गेलं, लोक निवांत झाले, आणि रात्री नऊला कॅनडाकडून थंड हवेचा लोट आला आणि पावणेबाराला पारा ३५ वर गेला, तर त्या दिवसाचं किमान ३५च. हिवाळ्यात असं होतं, आणि सकाळीच ४१ वर ९५ सेंट मोजणारा माणूस रात्री सगळे घालवतो. उन्हाळ्यात आणखी एक गंमत, घड्याळं तासभर पुढे असतात पण रिपोर्ट स्टँडर्ड टाइमच धरतो, म्हणून रात्री साडेबाराची नोंदसुद्धा आदल्या दिवसात जाते!

बरं, पारा किती उतरेल? आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी, जमिनीवर बर्फ, मग उष्णता भराभर वर निघून जाते. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं. मी स्वतः संध्याकाळचा दवबिंदू आधी बघतो, कारण हवा तिथपर्यंत थंड झाली की बाष्पाचं दव किंवा धुकं होतं, त्यातून उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते.

आणि राउंडिंग, म्हणजे आकडा पूर्णांकात बसवणं. दर पाच मिनिटांची जी ऑनलाइन नोंद दिसते ती आधी पूर्ण सेल्सिअसमध्ये आणि मग परत फॅरनहाइटमध्ये केलेली असते. ५१ फॅरनहाइट म्हणजे १०.६ सेल्सिअस, त्याचे झाले ११, उलटं केलं की ५२. खरं ५२ असलं तरी ५२च दिसतं. टप्पा ५० ते ५१ चा असेल तर स्क्रीनवर ५२ बघून काहीच सांगता येत नाही, रिपोर्टची वाट बघावी लागते.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, तेव्हा इथे बसून हे करायचं नाही. अंदाज मात्र वहीत लिहा ना, जानेवारीत पुण्यात शिवाजीनगर आणि पाषाण या दोन्ही ठिकाणांचा संध्याकाळीच लिहून ठेवा, आणि सकाळी साडेआठच्या नोंदीनंतर हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघा.