गुलमर्गचा बर्फ आणि आपली बुकिंगं

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय बर्फ आणि स्की पर्यटनाची मागणी, आणि यावर माझं एक ठाम मत आहे ते आधीच सांगते: डोंगरावर किती बर्फ आहे एवढ्यावर गर्दी ठरत नाही, तो कधी पडला आणि गिऱ्हाइकाला दिसला का, यावरही तेवढीच ठरते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या स्की एरियांचे रोजचे आकडे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा दूर बॉस्टन शहरात बर्फ पडला की डोंगरावर स्कीअर वाढतात असं दिसलं. घरासमोर पांढरं झालं की लोक निघतात. आता कोथरूडला कोणी बर्फाची वाट बघत बसणार नाही, त्यामुळे आपल्यासाठी ते काम फोन करतो.

आणि तिथेच आपण फसतो. जानेवारी २०२४ ला आमचा ग्रुप काश्मीरला गेला. निघायच्या आधी टूरवाल्याला फोन करकरून विचारलं, बर्फ आहे का हो? तर म्हणे, मॅडम भरपूर, आणि सोबत फोटो, ते कुठल्या वर्षाचे देव जाणे. गुलमर्गच्या पायथ्याच्या टनमर्गला भाड्याचे गमबूट, जाड कोट घेतले, तर तो दुकानदारच बिचारा सरळ बोलला, "मॅडम, नीचे कुछ नहीं है, ऊपर फेज टू में थोड़ा मिलेगा." फेज टू म्हणजे गोंडोलाचा, तिथल्या रोपवेचा, वरचा टप्पा. वर पोचलो तर गुलमर्गचं गोल्फ कोर्स पार तपकिरी, वाळलेलं गवत, आणि स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाड्या, भिंतीला उभ्या टेकवून ठेवलेल्या, त्यांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज धरलेला. ऐन चिल्लई कलान हो, २१ डिसेंबरपासूनचे थंडीचे चाळीस दिवस, याच दिवसांवर स्लेजवाल्यांचं वर्ष निघतं. एक जण म्हणाला, घोडेवाल्याकडे उन्हाळा तरी आहे, मी काय करू? मला त्याचा राग नाही आला, राग आला तो फोटो पाठवणाऱ्याचा. गोंडोलाने अफरवतला, म्हणजे साधारण ३,९५० मीटरवर गेलो तेव्हा बर्फ दिसला, आणि सगळं पब्लिक तेवढ्याच पट्ट्यावर. आमच्यातल्या एका मावशींनी हातमोजे काढून मूठभर उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला, पाणी होईपर्यंत.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत, त्यामुळे मुद्दा भराभर घेते. गुलमर्गला दोन गिऱ्हाइकं आहेत. स्कीअर हवामान बघतो, तिकीट पुढे ढकलतो नाहीतर दुसऱ्या देशात जातो. आपल्यासारखं कुटुंब विमानाचं तिकीट आधीच काढून बसलेलं असतं, ते येतं, हळहळतं, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना नको म्हणून सांगतं. म्हणजे एका कोरड्या जानेवारीचा फटका दोन हंगाम बसतो.

त्यात बर्फ उशिरा सरकतोय. तिकडे बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे हिवाळी वादळी हवेमुळे, ते कमजोर आले किंवा हवा गरम असली की बर्फाऐवजी पाऊसच. २०२४ ला जानेवारी संपता संपता पडला म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया विंटर गेम्स, या बर्फावरच्या स्पर्धा, फेब्रुवारीत झाल्या, २०२५ ला मात्र त्या २२ फेब्रुवारीच्या ९ मार्चवर गेल्या. आता मार्चमध्ये बर्फ पडून आपल्याला काय उपयोग, पोरांच्या परीक्षा असतात! नाताळच्या सुट्टीत नसलेला बर्फ मार्चमध्ये भरून निघत नाही.

मशीनने बर्फ करू म्हणतात. उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी मशिनं आणली, पुढे तरीही बर्फाअभावी स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. मशीनला पाणी लागतं, वीज लागते, आणि हवा थंड अन् कोरडी लागते, नुसतं शून्य अंश पुरत नाही. रात्रीच गरम व्हायला लागल्या तर मशीन काय करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. उतारावर किती इंच बर्फ आहे ते रोज सकाळी, तारखेसकट, टूरवाल्यांनी दाखवावं, बर्फ नसेल तर तारीख बदलून द्यावी, आणि कोरड्या हंगामात स्लेजवाल्याला काही भरपाई मिळावी. विचारा आता प्रश्न, पहिला त्या मागच्या ताईंचा.