नळावरचं भांडण

सकाळचे साडेपाच. वस्तीत पाणी आलंय. नळापुढे हंडे, कॅन, निळे ड्रम, आणि कोणीतरी कोणाचा तरी हंडा मागे सरकवला म्हणून आवाज चढलाय. मुंबईकराला यात नवीन काय म्हणा. पण हे भांडण नळावरच मिटलं तर दोघींचं राहतं, नाही मिटलं तर संध्याकाळी नवरे येतात, मग भाऊ, मग कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या धर्माचा... पुढचं या शहराने बघितलंय.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा दिला ९००. त्यानंतर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, सतीश साहनी तेव्हा पोलीस आयुक्त, सोबत माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी हळूहळू एका सतरंजीवर बसायला लागले.

पण मला आधी भायखळ्याला जायचंय, फुटपाथवर. इथल्या झोपड्यांमधल्या बायकांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' सुरू केलं. काम साधंच, बचत. एक जण रोज दारोदार फिरणार, रुपया-दोन रुपये, जमेल तेवढे गोळा करणार. आता रोज दारात जाणाऱ्या बाईला काय कळत नाही सांगा? कोणाची चूल आज पेटली नाही, कोण पदराने गाल झाकून पैसे देतेय, कुठली दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, सगळं. पोलिसांच्या डायरीत हे यायला आठवडा लागतो, कधी येतच नाही.

म्हणूनच २००४ च्या सुमारास आयुक्त ए. एन. रॉय यांनी झोपडपट्ट्यांमध्ये पोलीस पंचायती सुरू केल्या तेव्हा याच बायका सोबत घेतल्या. एका पंचायतीत वस्तीतले १० जण, त्यात ७ बायका, ३ पुरुष. हा हिशोब मला जाम आवडतो. चौकीत गेलं की एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेणार, वर दिवसाची मजुरी बुडणार, इथे कामावरून आल्यावर दोन्ही बाजू समोरासमोर बसायच्या आणि ऐकणाऱ्यांना दोन्ही घरं आतून माहीत असायची.

आणि मोठ्या टेबलांवर? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव १३२५ केला, शांततेच्या बोलणीत बायका हव्यात म्हणून. तरी १९९२ ते २०१९ मधल्या मोठ्या शांतता प्रक्रिया मोजल्या तर वाटाघाटी करणाऱ्यांत बायका १३ टक्के, सह्या करणाऱ्यांत ६. भायखळ्याच्या फुटपाथवर बरं होतं म्हणायचं!

हां, पण उगाच आरती ओवाळायला नको. मार खाऊन आलेल्या बाईला "जाऊ दे गं, संसार आहे" म्हणणारी बाईच असते पुष्कळदा. तिथे समेट नको, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पाहिजे, आणि हे ओळखणं नळावरचं भांडण मिटवण्यापेक्षा फार अवघड आहे.

आता बऱ्याच वस्त्यांच्या जागी एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, बिल्डिंगा आल्यात. नळ घरात आला, दारं बंद झाली. भांडणं लिफ्टवरून, मेंटेनन्सवरून. आणि बचतीला फिरणाऱ्या मावशींना आता बेल वाजवावी लागते, आतून कोणी विचारतं, "कोण?"