शिट्टी कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. सकाळची वेळ. तुमच्याकडे आत्ता गॅसवर चहा असेल, न्हाणीघरात बादली भरत असेल, कुणाचा तरी एक मोजा सापडत नसेल. आणि त्यात हा माझा आवाज. घरातल्या गोंगाटाबद्दल बोलायला मी आलेय, ती अशी त्यात भर घालूनच.

मी डोंबिवलीला राहते. आमची इमारत रुळांच्या इतकी जवळ आहे, की फास्ट लोकल गेली की मांडणीतले पेले किणकिणतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माणसं सहा. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही मोठा. सासऱ्यांना टीव्ही आवडत नाही, म्हणून रेडिओ मोठा. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, त्यामुळे दिवसातून निदान दोन भांडणं ठरलेली.

पाच वर्षांपूर्वी मी इगतपुरीला, धम्मगिरीवर, विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा. मोबाइल जमा. आर्य मौन, म्हणजे बोलायचं नाहीच, पण खाणाखुणाही करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस नुसतं आनापान. नाकाशी श्वास येतोय, जातोय, तो जसा असेल तसा बघत राहायचं. शेवटी शेवटी माझं मन असं काही बसायला लागलं, की मला वाटलं, जमलं बाई आपल्याला. निघताना सांगतात, घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. मी मोठ्या उत्साहात मान डोलावली.

घरी पहिल्याच सकाळी बसले आणि सातव्या मिनिटाला उठले. पाणी आलं होतं.

मग सुरू झाले प्रयोग. कानात कापूस घातला, तर बेल वाजली नि ऐकू आली नाही तर, याच धास्तीत सगळा वेळ गेला. पहाटे साडेतीनला उठून बसले, तर बसल्या बसल्या झोपले, आणि दुपारी ऑफिसातही डुलक्या. गच्चीवर जायला सेक्रेटरींकडून किल्ली मागावी लागते, आणि किल्लीबरोबर "एवढ्या सकाळी वर कशाला?" हेही येतं. तो नाद दोन दिवसांत सुटला.

गंमत अशी, की ही विद्या भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका काही संन्यासी नव्हते. ब्रह्मदेशातले व्यापारी, सहा मुलगे, मोठा संसार. अर्धशिशीने हैराण झाले म्हणून 1955 साली सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. आणि हे गुरू कोण, तर ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल! फायली, सह्या, हिशेब, आणि त्याच्या जोडीला ध्यान. या प्रापंचिक माणसांना जमलं, मग मला का जमू नये, असं मी स्वतःला बजावायचे. त्यांच्या घरात चुलीकडे कोण बघत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

तो पडला सासूबाईंमुळे. त्या दुपारी माळ ओढतात. समोर टीव्ही ठणठणत असतो, खालून गाडी जाते, आणि त्यांचा अंगठा मण्यामागून मणी सरकवत असतो. एकदा न राहवून विचारलं, "आई, एवढ्या आवाजात तुमचं चित्त लागतं कसं?" म्हणाल्या, "टीव्हीला काय माझ्याशी बोलायचंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "कुकर माझ्याकडे होता तोवर मलाही कुठे जमत होतं? माळ धरली ती तू आल्यावर."

मी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं. आठवडाभर एकच नोंद केली, ध्यानातून मला कशाने उठवलं? लोकलपुढे एकही रेघ नाही. टीव्हीपुढे एक, तीही बातमी होती म्हणून. कुकरपुढे अकरा रेघा. दाराची बेल, पाण्याची मोटार, आणि "आई गं!" ही हाक, यांपुढेही भरपूर. आवाजाच्या मोठेपणाचा इथे काही संबंधच नव्हता. लोकल केवढी धडधडत जाते! पण तिला माझ्याकडून काही नको असतं. कुकरची शिट्टी एवढीशी, पण ती मोजायची मी असते. मी श्वास बघतेय असं मला वाटत होतं, आणि आत कुणीतरी शिट्ट्या मोजत होतं.

नेव्हिल मोरे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली एक प्रयोग केला होता. लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि सांगितलं, एकाच कानातलं ऐका आणि ते म्हणून दाखवा. दुसऱ्या कानातलं त्यांच्या जवळपास काहीच लक्षात राहिलं नाही. पण त्या दुसऱ्या कानात मध्येच त्यांचं नाव घेतलं, तर साधारण तिघांतल्या एकाने ते टिपलं. घर चालवणाऱ्या बाईचं नाव कुकरवर असतं, बेलवर असतं, दुधाच्या पातेल्यावर असतं. तिने कान कितीही आवळून धरले तरी काय होणार?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला जागा कशी हवी, ते सांगितलंय. झाडी, निर्मळ पाणी, माणसांची वर्दळ नाही. ते वाचून मी आधी खट्टू झाले होते. डोंबिवलीत कुठून आणू? पण पुढे पाखरं येतात. पाण्याशी हंस, दोन-चार सारस, एखाद्या वेळी कोकीळ. आणि मग ही ओवी, "निरंतर नाहीं । तरी आलीं गेलीं कांहीं । होतु कां मयूरेंही । आम्ही ना न म्हणों ॥" कायम नकोत, पण येऊन-जाऊन मोर असले तरी आमची ना नाही. ज्यांनी मोराची केका जवळून ऐकलीय त्यांना कळेल, माऊलींनी केवढी सवलत दिलीय ती! मी ती लोकलला लावली. मोराला तरी माझ्याकडून काय हवं असतं?

राहिला कुकर. मी घरात सांगितलं, सहा ते सव्वासहा मी कुणाची कुणी नाही. शिट्ट्या नवरा मोजेल, पाण्याची मोटार सासरे बघतील, बेल मुलीकडे. हे सांगताना माझा आवाज थोडा कापला, खोटं कशाला बोलू? पंधरा मिनिटंच मागत होते, पण चोरी करतेय असं वाटत होतं. ह्यांनी पहिल्या दिवशी दोनच शिट्ट्यांवर गॅस बंद केला, तूरडाळ टणक राहिली, आणि आम्ही सगळ्यांनी ती निमूट खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात दूध उतू गेलं. वास आला, चर्रर्र झालेलं ऐकू आलं, पाय आपोआप सरळ व्हायला लागले. ते पुन्हा दुमडून बसले. त्या दिवशी श्वासबिस काही बघितला नाही, नुसता राग बघितला. पंधरा मिनिटं पुरली त्याला.

आता तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी जमतं का? कधी कधी. मुलांचं भांडण अजून पेलवत नाही, तिथे मी उठतेच. गेल्या रविवारी बसले होते. तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद झाल्याचा आवाज नाही. चौथी. पाचवी. ह्यांचा फोन चालू असणार. सहावीला पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, ज्यांना म्हणे कमी ऐकू येतं, "अरे, तुझा कुकर!"

तुझा, म्हणाल्या. मी डोळे उघडले नाहीत. नमस्कार.