पाव टक्क्याचा हिशेब

विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, त्याच दिवसांत शेतात सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा होतो, आणि तुरीचा चुकारा हाती पडेपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडलेला असतो. क्रेडिट कार्डाचे बिल मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येते. कार्डावर मिळणारी पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत महिन्याचा पगार घेणाऱ्यासाठी आखलेली आहे. जूनमध्ये पेरून नोव्हेंबरात विकणाऱ्याला ती पुरत नाही.

असेच एक घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले आहे. पाच एकर शेती, आणि थोरला मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला. त्याच्या पगाराच्या खात्यावर बँकेने कार्ड दिले. मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून नवे उचलणे, करायचे होते आणि चाळीस हजार रुपये कमी पडत होते. यवतमाळच्या एका दुकानात कार्ड घासून, शेकडा दोन कापून देऊन, तेवढी रोकड उचलली गेली. नवे कर्ज आठवडाभरात मंजूर होईल आणि कार्डाचे पैसे मुदतीत फेडता येतील, असा अंदाज होता. मंजुरी लांबली, आणि पैसे हाती आले तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असल्याने ते बियाण्यात आणि खतात गेले.

मार्चमधल्या या धावपळीला कारण आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते, वेळेत फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, आणि उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार उचलते. म्हणजे वेळ पाळणाऱ्याला हे कर्ज शून्य टक्क्याने पडते. ते शून्य टिकवण्यासाठी या घराने जे दुसरे कर्ज काढले, त्याचा दर आज वर्षाला पंचेचाळीस टक्के आहे.

मुलाच्या मोबाइलवर आलेल्या बिलात दोन रकमा आहेत. एक पूर्ण थकबाकीची आणि दुसरी किमान भरायच्या रकमेची. घरातून दर महिन्याला दुसरी रक्कम भरली जाते. तिसऱ्या बिलानंतर आईने विचारले, “दोन हजार त भरले ना रे, मंग पैसे कमी काऊन नाही झाले?” तिच्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे.

चाळीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी चौदाशे रुपये व्याज होते. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र अठरा टक्के लागतो. ते दोनशे बावन्न. भरलेल्या दोन हजारांतले सोळाशे बावन्न असे गेले आणि मुद्दल तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांनी उतरले. पुढे दर पावणेचार टक्के झाला. पाव टक्क्याची वाढ कानाला किरकोळ वाटते. पण आता व्याज पंधराशे आणि कर दोनशे सत्तर धरला, तर मुद्दलापोटी उरतात केवळ दोनशे तीस रुपये. भरणा तितकाच राहिला आणि मुद्दल फिटण्याचा वेग मात्र एक तृतीयांशाने घटला. दर वाढल्याचे घराला जाणवत नाही ते यामुळेच, कारण खिशातून जाणारे दोन हजार बदलत नाहीत. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. या घरात आलेल्या बिलावरही तो आहे, मात्र बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत.

व्याजदर कमी होण्याची वाट पाहणे येथे फारसे कामाचे नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि घरकर्जांचे हप्ते वाढले. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला तेव्हा ते काहीसे हलकेही झाले. कार्डाचा दर रेपोला बांधलेला नसतो, त्यामुळे रेपो उतरला म्हणून तो उतरत नाही. त्याला कायद्याची कमाल मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. ज्या सावकाराच्या नावाने आपल्याकडे बोटे मोडली जातात, त्याच्यावर, तो परवानाधारक असेल तर, २०१४ च्या राज्य कायद्याचे बंधन आहे आणि शेतकऱ्याला तारणाशिवाय दिलेल्या कर्जावर त्याने वर्षाला बारा टक्क्यांपेक्षा अधिक घेऊ नये, असा दर सरकारने ठरवून दिला. विनापरवाना सावकारीचे दर वेगळेच असतात, हे गावात कोणाला सांगायला नको.

मग या घराने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे त्या कार्डावर किराणाही घेऊ नये. पूर्ण थकबाकी भरली नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि प्रत्येक नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. दुसऱ्या कार्डातून रोख काढून पहिले फेडणे तर याहून वाईट, कारण रोख रकमेवर शुल्कही लागते आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

त्यानंतर कर्जाची जागा बदलावी. मुलाच्या पगारातून महिना चार हजार निघत असतील, तर कार्डावरच ठेवूनही हे कर्ज साधारण चौदा महिन्यांत फिटते. पण तेवढे निघत नाहीत. थकबाकीचे हप्ते पाडून देण्याची सोय बँका देतात आणि त्याचा दर कार्डापेक्षा कमी असतो. प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचा आकार मात्र आधी विचारावा. गावातल्या महिला बचत गटात शेकडा दोनचा दर आहे. म्हणजे चाळीस हजारांना पहिल्या महिन्याला आठशे रुपये, आणि तेही गटाच्याच पेटीत राहणारे. सोनेतारण कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले तर महिन्याला चारशे. अनेक बँका त्यात मुद्दल आणि व्याज वर्षाच्या आत एकदम भरू देतात, आणि हंगामी उत्पन्नाच्या घराला ही रचना चांगली जुळते. पोत गहाण ठेवणे कोणत्याही आईला जड जाते, हे खरे. तरीही सतराशे सत्तरच्या जागी चारशे, हा फरक इतका मोठा आहे की आमच्या मते त्या घरात हा विषय संकोच सोडून बोलला गेला पाहिजे.

बँकेने अमुक भरा आणि मोकळे व्हा, असा तडजोडीचा प्रस्ताव दिला तर घाई करू नये. तडजोडीची नोंद सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या, अहवालात राहते आणि पुढे ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाच्या वेळी ती आडवी येते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, आणि नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देण्यासही. तसे घडल्यास आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत निराकरण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

कार्डाचे शुल्क वाढवायचे असल्यास बँकेने किमान महिनाभर आधी कळवले पाहिजे, आणि ती वाढ मान्य नसलेल्या ग्राहकाला देणी चुकती करून, बंद करण्याचा कोणताही आकार न देता कार्ड परत करता येते. विनंती मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही, तर थकबाकी नसलेल्या ग्राहकाला विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये देणे तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून कार्ड बंद करण्याची विनंती तोंडी न सांगता ईमेलने किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.