कोड कधी आला, ते आधी लिहा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या सोलर इन्व्हर्टरचे एरर कोड आणि त्यांवरचे उपाय’. उपाय सांगणार आहे, काळजी नको. पण त्याआधी एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून मनात घोळतेय, ती आज बोलून घेतो. इथे बसलेल्या बहुतेकांच्या छतावर पॅनल आहेत, त्यामुळे स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ, इथपासून सुरुवात करायला नको.

आधी हात वर करून एक सांगा. लाल दिवा आणि कोड दिसला की पहिल्यांदा इन्व्हर्टर बंद करून चालू करणारे किती? जवळजवळ सगळेच. आणि बंद करण्याआधी कोड आणि वेळ लिहून ठेवणारे? मागे एक हात दिसतोय. तुम्ही कार्यक्रम संपल्यावर जरूर भेटा.

माझं म्हणणं असं आहे की कोड काय आला याच्याइतकीच माहिती तो कधी आला यात असते. जुने डॉक्टर औषध लिहिण्याआधी विचारायचे, ताप कधी चढतो, रोज की दिवसाआड, पहाटे की संध्याकाळी. इन्व्हर्टरचंही तसंच आहे. पहाटे येऊन उन्हं वर आली की जाणारा कोड बहुतेकदा ओलाव्याचा असतो. लख्ख दुपारी, उत्पादन भरात असताना येणारा लाइनच्या व्होल्टेजचा. कडाक्याच्या थंडीत सूर्य उगवल्या उगवल्या येणारा डीसी, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या विजेच्या, व्होल्टेजचा. पुस्तिकेत प्रत्येक कोडापुढे एक ओळ असते, आणि ती बहुधा ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ ही असते. वेळेचा रकाना कुठल्याच पुस्तिकेत मला दिसलेला नाही.

आता एका घराची हकीकत सांगतो. थोडी लांबेल, पण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या इन्व्हर्टरवर सकाळी इन्सुलेशनचा कोड यायचा. तास-दोन तास इन्व्हर्टर बंद, मग आपोआप चालू, आणि दिवसभर काही तक्रार नाही. बसवणाऱ्या मंडळींचा माणूस यायचा दुपारी. तेव्हा सगळं ठीक. तो कनेक्शन बघायचा, बंद-चालू करायचा, ‘आता नाही येणार’ म्हणून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी इन्व्हर्टरच बदलून दिला. नव्यावरही तोच कोड. मग पुढची युक्ती निघाली, आणि तिचा मला मनापासून राग आहे. सेटिंगमध्ये जाऊन इन्सुलेशनची मर्यादा खाली आणायची, म्हणजे कोड दिसणारच नाही. बाईंनी ते करू दिलं नाही. फार चांगलं केलं.

का, ते सांगतो. घरगुती इन्व्हर्टर आजकाल बहुतेक ट्रान्सफॉर्मरविरहित असतात. पॅनलची बाजू आणि लाइनची बाजू यांच्यामध्ये विद्युतदृष्ट्या तोडणारं काही नसतं. म्हणून लाइनला जोडून घेण्याआधी इन्व्हर्टर तपासतो की पॅनलच्या वायरींपासून जमिनीपर्यंत करंट झिरपायला वाट तर नाही ना. आयईसी ६२१०९-२ या आंतरराष्ट्रीय मानकात याचा हिशेब दिलाय: पॅनलच्या बाजूचं कमाल व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर, निदान इतका रोध हवा. ६०० व्होल्टला तो येतो २० किलोओहम. बरेच उत्पादक स्वतःची मर्यादा याहून बरीच वर ठेवतात. म्हणजे इन्सुलेशनचा कोड आला की इन्व्हर्टर आपलं काम चोख करतोय, एवढं तरी नक्की कळतं. बिघाड छतावर आहे, आणि शिक्षा होते भिंतीवरच्या डब्याला.

एका जागी इन्सुलेशन गेलं तर लगेच काही होत नाही. दुसऱ्या जागी गेलं की पॅनलच्या फ्रेममधून, स्ट्रक्चरमधून करंटला पूर्ण वाट मिळते. आणि हा डीसी करंट असतो. एसी ५० हर्ट्‌झवर सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला शून्य नाही. आर्क, म्हणजे सलग जळणारी ठिणगी, एकदा धरला की ऊन आहे तोवर तो जळत राहू शकतो. मर्यादा खाली आणून कोड घालवणं म्हणजे पहिल्या बिघाडाची सूचना बंद करून दुसऱ्याची वाट बघणं. हे कुणी तुमच्या घरी करू पाहिलं तर स्पष्ट नाही म्हणा.

तर त्या बाई. त्यांनी एक वही घातली. तारीख, कोड, कधी आला, कधी गेला, आणि एक रकाना आदल्या रात्रीच्या आभाळाचा. हा शेवटचा रकाना त्यांनी कुणी न सांगता घातला, आणि गाठ तिथेच सुटली. पाऊस पडून गेल्यावर कोड यायचा, ते समजण्यासारखं होतं. पण कोरड्या दिवसांतही यायचा, आणि तो फक्त निरभ्र रात्रीनंतर. रात्रभर ढग असले की सकाळी इन्व्हर्टर वेळेवर चालू.

दव! निरभ्र रात्री पॅनल आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. मग त्याच्यावर, फ्रेमवर, खालच्या वायरींवर पाणी जमतं. ढग असले की तितकं गार होत नाही, दव धरत नाही. उन्हं आली की दव सुकतं, रोध वाढतो, कोड जातो. दुपारी येणाऱ्या माणसाला काय सापडणार? तो यायचा तेव्हा पुरावा वाळून गेलेला असायचा.

वही बघून एक टेक्निशियन पहाटे यायला तयार झाला. त्याने काय केलं ते मला बारकाईने सांगायचंय, कारण इतकी सुंदर रीत फार कमी लोक वापरतात. इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच, बंद, स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सुटी. दहा पॅनलची स्ट्रिंग, प्लस ते मायनस साधारण ४०० व्होल्ट. मग त्याने प्लस ते अर्थिंग मोजलं आणि मायनस ते अर्थिंग मोजलं. इन्सुलेशन ठणठणीत असेल तर ही दोन्ही मापं घसरत शून्याकडे जातात, कारण जमिनीशी संबंधच नसतो. इथे ती ठाम उभी राहिली. प्लसकडून २८० च्या आसपास, मायनसकडून १२०. बेरीज बरोबर ४००, म्हणजे गळती एकाच जागी. एका पॅनलला ४० व्होल्ट, तेव्हा १२० म्हणजे तीन पॅनल. मायनसच्या टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मध्ये बघायचं! छतावर एकही पॅनल न उचलता जागा कळली.

तिथलं पॅनल सोडवलं. वायर फ्रेम आणि रेल यांच्यात चेपलेली होती. बसवताना केबल टाय न लावता लोंबती सोडलेली, आणि वरून क्लॅम्प आवळलेला. आवरण दाबून चपटं झालेलं, एका जागी नखाएवढं फाटलेलं, आत तांब्यावर हिरवा थर. तेवढी वायर बदलली, नीट बांधली, कोड गेला. दोन इन्व्हर्टर निष्कारण बदनाम झाले होते.

हे माप घरच्या घरी घ्यायचं नाही, हे इथेच सांगून ठेवतो. ४०० व्होल्ट डीसी जीव घेतो. प्रशिक्षित माणूस आणि त्या व्होल्टेजला योग्य मीटर लागतो. पण ही रीत असते हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणजे आलेल्या माणसाला ‘प्लस-अर्थ, मायनस-अर्थ मोजलंत का?’ असं विचारता येईल.

आता एक गाऱ्हाणं. हाच बिघाड एसएमएच्या इन्व्हर्टरवर ३५०१ म्हणून दिसतो, फ्रोनियसच्या बऱ्याच मॉडेलवर ४७५ म्हणून, हुआवेच्या सन-२००० वर २०६२ म्हणून. आजार एक, नावं तीन. मोटारींत काय झालं बघा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाडांच्या समान कोडांची पद्धत, सक्तीची झाली, आणि आज पी०३०० म्हटलं की गाडी कुठल्याही कंपनीची असो, मिसफायर हे कुठलाही मेकॅनिक सांगतो. सोलरमध्ये हे जमलं नसतं असं मुळीच नाही. सनस्पेक या उद्योगसंघटनेने समान संकेत ठरवून दिलेत. अर्थ फॉल्ट, डीसी व्होल्टेज जास्त, एसी व्होल्टेज जास्त, फ्रिक्वेन्सी जास्त, तापमान जास्त, प्रत्येकाची जागा ठरलेली. बरेच इन्व्हर्टर हे संकेत आतल्या आत मॉडबसवरून, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या बोलीत, देतातही. फक्त डिस्प्लेवर आणि ॲपवर, जिथे घरातल्या माणसाची नजर जाते, तिथे प्रत्येकाची आपापली बाराखडी. हे बदलायला नवा हार्डवेअर लागत नाही. कंपनीचा आकडा राहू दे, शेजारी समान संकेत लिहा, इतकीच मागणी आहे. खरेदीच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी हे विचारायला लागलात तर ते होईल, असं मला मनापासून वाटतं.

संयोजक बोटांनी दहा मिनिटं दाखवतायत. अरे बापरे, आणि पत्रिकेतला विषय अजून तसाच आहे. भराभर घेऊ या.

लाइनचं व्होल्टेज जास्त. २३० व्होल्टच्या लाइनवर अनेक मानकांत दहा मिनिटांच्या सरासरीची वरची हद्द २५३ व्होल्ट असते. हा कोड फक्त भर दुपारी येतो का, ते बघा. तुमचा इन्व्हर्टर करंट बाहेर ढकलतो तेव्हा वायरीच्या रोधामुळे त्याच्या टोकाशी व्होल्टेज चढतं. ५ किलोवॅटला २२ अँपिअरच्या आसपास. जाण्यायेण्याचा रोध ०.४ ओहम असेल तर जवळजवळ ९ व्होल्टची चढण. म्हणजे मीटरपाशी २४५ आणि इन्व्हर्टरपाशी २५४. यात दोष बारीक केबलचा असेल किंवा न्यूट्रलच्या लूज कनेक्शनचा. लूज न्यूट्रल तापतो, म्हणून तो आधी तपासून घ्या. मीटरपाशीही व्होल्टेज जास्तच असेल तर तक्रार वीज कंपनीकडे, आणि सोबत वेळेची नोंद.

लाइन नाही, असा कोड. खरोखर लाइन गेली असेल तर बंद पडणं हा इन्व्हर्टरचा धर्मच आहे. खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो. शेजारी लाइट आहेत आणि तुमच्याकडे हा कोड, तर एसीचा एमसीबी पडलाय का ते बघा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा चढवू नका. लाइन परत आल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, काही ठिकाणी एक मिनिट, काही ठिकाणी पाच मिनिटं थांबतो. तो कोड नाही, उलटी गणती आहे. तेवढा धीर धरा.

डीसी व्होल्टेज जास्त. पॅनलचं व्होल्टेज २५ अंशांना मोजलेलं असतं आणि गारठ्यात ते वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. काठोकाठ भरलेली स्ट्रिंग थंडीच्या पहिल्या उन्हात हद्द ओलांडते. हा कोड एकदा जरी आला तरी बसवणाऱ्याला बोलवा आणि पॅनलची संख्या पुन्हा मोजायला लावा. यात आतले भाग जळतात आणि वॉरंटीही हातची जाऊ शकते.

तापमान. दुपारी उत्पादन थोडं कमी होणं हा बिघाड नाही, इन्व्हर्टर स्वतःला सांभाळून घेतोय. मागच्या पट्ट्यांवरची धूळ, अडकलेला पंखा, भिंतीला खेटून ठेवलेलं सामान, आणि थेट ऊन, एवढं बघा.

वायफायचा कोड. ॲप आंधळं झालं म्हणून उत्पादन थांबत नाही. डिस्प्लेवरचे किलोवॅट बघा आणि निवांत राहा.

रिले, अंतर्गत चाचणी, मेमरी. हे खरे इन्व्हर्टरच्या पोटातले. ठरलेल्या क्रमाने एकदाच बंद-चालू करा: आधी एसी, मग डीसी आयसोलेटर, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून उलट्या क्रमाने चालू. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही मिनिटं चार्ज असतो, तेव्हा झाकण कुणीही उघडायचं नाही. आणि पॅनलच्या वायरींचे कनेक्टर चालू करंटवर कधीही उपसू नका. कोड परत आला तर कंपनीला मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवा.

राहिला आर्क फॉल्ट. हा कोड वेळ-काळ न बघता गंभीर धरायचा. बरेच इन्व्हर्टर तो हाताने रीसेट करू देतात, तुम्ही करू नका. आयसोलेटर बंद, माणूस बोलवा, आणि प्रत्येक कनेक्टर तपासून झाल्याशिवाय चालू नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवलेत का, हे त्याला मुद्दाम बघायला सांगा. वरून ते बसल्यासारखे दिसतात, आत पकड ढिली राहते आणि तिथेच तापतं.

संयोजक उभे राहिलेत. बॅटरीवाल्या हायब्रिड इन्व्हर्टरच्या कोडांचं राहिलंच, तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. ज्यांनी डिस्प्लेचे फोटो आणलेत त्यांनी डावीकडच्या टेबलापाशी या, एकेक बघू.